बाईसाहेबांचं बुटीक आणि उधारीची वही

रोजमेळ
परवा इथेच गप्पांत कुणीतरी ठोकून दिलं, की घराणेदार बायकांनी बुटीक काढणं म्हणजे नवऱ्याच्या पैशावर चाललेला टाइमपास. सोलापुरातल्या अशाच एका दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. तिथे चार ओळी खरडण्यापेक्षा वेगळा धागा काढते. बाईंचं, घराण्याचं, दुकानाचं नाव लिहिणार नाही. ओळखाल त्यांनी मनात ठेवा, प्रतिसादात टाकू नका.

जहागीर आपल्याच भागातली, मोठ्या घराण्याची धाकटी पाती. जहागीर म्हटलं की लोकांना हत्ती-अंबारी दिसते. इथे गावाकडे एक वाडा, अर्ध्यात भाडेकरू आणि अर्ध्यावर भावकीची केस. सोलापुरात होटगी रोडला सासऱ्यांनी बांधलेला बंगला. पुढच्या दोन खोल्यांत दुकान, मागच्या गॅरेजात शिंपी मास्तर, चार मशिनी आणि आरीकामाचा (आकडीच्या सुईच्या भरतकामाचा) एक कारचोब, म्हणजे कापड ताणायची चौकट.

बाईसाहेबांचा दिवस म्हणजे निम्मा दुकानात, निम्मा स्टेजवर. कॉलेजच्या फॅशन शोला परीक्षक त्या, नवरात्रात गरब्याला बक्षिसं द्यायला त्या, संक्रांत ते रथसप्तमी रोजची चार हळदीकुंकवं. शहरात बदलून आलेल्या साहेबांच्या घरच्या बायका महिन्याभरात दुकानात येऊन ओळख करून जायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, काय मजा आहे! पण बाईंना हे सगळं धंद्याचंच काम वाटायचं. हळदीकुंकवाहून आल्या की टेबलापाशी बसून मला सांगायच्या, "लिही. धाकटीचं मार्चमध्ये ठरतंय. थोरलीच्या लग्नात ब्लाऊज पुण्याहून आणलेले, बाहीला चुण्या पडल्या होत्या." महिन्याभरात ते घर दुकानात.

कामाला बाई पक्क्या. मापं स्वतः घ्यायच्या, टाचण्या ओठात धरून. एकदा एका नवरीच्या ट्रायलला मास्तर पाठ आणखी आवळायला निघाले, तर बाई टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "अर्धा इंच सोडा मास्तर, पोरगी जेवणार आहे लग्नात." मास्तर त्यांच्याहून वयानं मोठे, म्हणून त्यांना कायम अहोजाहो.

आता मुद्द्यावर. गिऱ्हाईक सगळं मोठं. ऊस बागायतदार, डॉक्टर मंडळी, पेढीवाले. एका लग्नाची ऑर्डर म्हणजे नवरीचे पाचसहा ब्लाऊज, त्यांवर आरीकाम, बहिणींचे घागरे, आईच्या आणि मावशांच्या पैठण्यांचे ब्लाऊज, साड्यांना गोंडे. बिल लाखाच्या पुढे सहज. कपडे गाडीत गेले की वाक्य ठरलेलं, "पाठवते हं आक्कासाहेब." आणि आक्कासाहेब हसून म्हणणार, "अगं सावकाश." हे सावकाश कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. मी म्हणायचे, एक फोन करू का? त्यांचं उत्तर एकच. "आपल्या घरातून कुणी वसुलीला गेलेलं नाही."

इकडे आरी कारागिरांचा हप्ता दर शनिवारी रोख. जरी, अस्तर, धागा रोख. ही फट कशानं भरायची? बाईंच्या माहेरच्या पाटल्या लग्नसराई लागली की बँकेत तारण जायच्या आणि दिवाळीच्या सुमारास परत यायच्या. पावती मी फाइलला लावायचे. नवऱ्याचा एक पैसा दुकानात आलेला मी पाहिला नाही. उलट त्या पाटल्यांच्या व्याजावर सोलापुरातल्या पैसेवाल्यांच्या पोरी नटत होत्या. टाइमपास म्हणणाऱ्यांनी ती उधारीची वही एकदा बघायला हवी होती.

नावामुळे गिऱ्हाईक येतं आणि त्याच नावामुळे त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत, ही गोची मला तरी दुसऱ्या धंद्यात दिसली नाही. तुमचे अनुभव लिहा.

शेंगाचटणी
भारी लिहिलंय ताई. मला वाटतं मी ओळखलं, पण गप्प बसते. माझ्या लग्नातला एक ब्लाऊज तिथलाच असावा. पैसे तेव्हाच दिलेत हो, आईला विचारून खात्री केली!

एक आठवतं. आम्ही मध्यमवर्गीय, भीतभीतच गेलो होतो. बाईंनी आईला कोचावर बसवलं, चहा मागवला आणि आधी साडी नीट उलगडून बघितली. मग म्हणाल्या, "साडी एवढी बोलतीय, ब्लाऊजनं गप्प राहावं." म्हणजे आरीकाम करू नका, असं स्वतःच सांगितलं. आमचे बरेच पैसे वाचले.

तळ्याकाठचा
"आपल्या घरातून कुणी वसुलीला गेलेलं नाही" हे वाचून चहा नाकातून आला. जहागीरदारांच्या घरातून वसुलीला गेलं नाही तर मग तीन पिढ्या केलं काय? सारा कोण गोळा करत होतं बे?

गंमत सोडा. मला या आक्कासाहेब-वहिनीसाहेब संस्कृतीचं कौतुक नाही. विलीन झालेल्या संस्थानांतल्या जहागिरी १९५३ च्या कायद्यानं गेल्या, १९६१ मध्ये जमिनीवर सीलिंग आलं, १९७१ मध्ये राजांचे सरकारी तनखे बंद झाले. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी आपण मुजरा घालायचा सोडत नाही. दुकान आहे ना? मग बिल द्या, पैसे घ्या. नवी पेठेतला कापडवाला घेतोच की.

रोजमेळ
तळ्याकाठचा, अगदी हेच मी एकदा बाईंना विचारलं होतं, जरा सौम्य शब्दांत. त्या म्हणाल्या, "वसुली कारभारी करायचा, म्हणूनच आम्हाला येत नाही." चिडल्या नाहीत. मला वाटतं यात त्यांचा गर्व कमी आणि अडाणीपणा जास्त होता. पैसे मागायचं वळणच नाही. भाजीवालीशी घासाघीस करतानाही त्यांना मी कधी पाहिलं नाही.

नवी पेठेच्या दुकानाशी तुलना मात्र जमत नाही. तिथे गिऱ्हाईक कापडासाठी जातं. इथे अर्ध्या बायका "आक्कासाहेबांकडून शिवलंय" एवढं सांगायला यायच्या. ते सांगणं विकत द्यायचं आणि वर तगादाही लावायचा, म्हणजे माल स्वतःच्याच हातानं उतरवायचा.

बखर
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण जरा इतिहासाची फोडणी देतो.

राजघराणं आणि फॅशन म्हटलं की सगळे जयपूरच्या गायत्रीदेवींपाशी येऊन थांबतात. त्याआधी त्यांच्या आईकडे बघा. इंदिराराजे, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची लेक, जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न त्यांनी स्वतः मोडलं आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनला लग्न केलं. १९२२ मध्ये वैधव्य आलं, पदरात पाच मुलं. शिफॉनची साडी आपल्याकडे रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. फ्रान्समध्ये साडीच्या पन्ह्याचं (रुंदीचं) शिफॉन मुद्दाम विणवून घ्यायच्या. इटलीत फेरागामो या नामांकित चपला-बूटवाल्याकडे त्यांनी एका फटक्यात शंभराच्या वर चपलाजोड सांगितले आणि काहींना जडवायला हिरे-मोती घरून दिले.

पण एक फरक आहे. इंदिराराजे गिऱ्हाईक होत्या. काउंटरच्या अलीकडे. रोजमेळताईंच्या बाईसाहेब काउंटरच्या पलीकडे आहेत, आणि माझ्या मते तनखे गेल्यानंतरची खरी गोष्ट तीच आहे. सावंतवाडीच्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम मरू दिलं नाही. राजवाड्यात कारागीर बसवले, स्वतः शिकल्या. महेश्वरला रिचर्ड आणि सॅली होळकरांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रेहवा सोसायटी ही विणकरांसाठीची संस्था काढून माग पुन्हा चालू केले. अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांचेच माग ते. या लोकांनी नाव वापरलं, पण कारागिरासाठी. नुसतं मिरवायला वापरलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

तळ्याकाठचा
बखर, मान्य. पण रेहवा ही संस्था आहे, हे खासगी दुकान. कारागिराला काय मिळालं ते सांगा, मग टाळ्या वाजवू.

पूर्वभाग
यावर मी बोलू शकतो. आम्ही पद्मशाली, विणकर समाज, सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आजोबा हातमागावर नऊवारी विणायचे, वडिलांनी पॉवरलूम टाकले आणि टॉवेल-चादरीत गेले. मी नोकरीत. म्हणजे नेहमीची गोष्ट.

आजोबांचा एक माग मात्र माळ्यावर न चढवता काका चालवत राहिले. हौस म्हणा. त्यावर इरकलच्या धाटणीची साडी निघायची. सध्या बाजारात इरकल म्हणून जे विकतात ते बघून रडू येतं, म्हणून सांगतो. खऱ्या इरकलला पदराचा ताणा (लांबीचे उभे धागे) वेगळा असतो. अंग सुताचं, पदर लाल रेशमाचा, आणि जिथे पदर सुरू होतो तिथे दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत फास्यांनी अडकवतात. एकेक धागा, हातानं. घरातली बाई आणि पोरं बसायची त्या कामाला. म्हणून प्रत्येक साडीचा ताणा वेगळा लावावा लागतो, थानासारखी साडीमागून साडी काढता येत नाही. पदरावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे. त्यात फणी असते, किल्ल्याचा तट असतो, आणि ज्वारीचं कणीस असतं, त्याला टोपतेनी म्हणतात. ज्वारीच्या मुलखातली साडी आहे, दुसरं काय असणार पदरावर!

तर या धाग्यातल्याच बाई असाव्यात, काकांकडे यायच्या. गाडी गल्लीत शिरायची नाही, अशोक चौकाच्या अलीकडे सोडून चालत यायच्या. साडी हातात घेतली की आधी उलटी करून फासे बघायच्या. आणि पैसे तिथल्या तिथे, रोख, मोजून. काका एकदा म्हणाले, राहू द्या, पुढच्या खेपेला द्या. त्यावर बाई म्हणाल्या, "विणकराची उधारी ठेवायची नसते." मला वाटायचं, मोठ्या लोकांना काय, पैसे पडूनच असतात. आज पाटल्यांचं वाचून जरा वेगळं वाटलं.

तक्रारही लिहितो. ती साडी दुकानात जायची तेव्हा तिच्यावर दुकानाचं लेबल लागायचं. काकांचं नाव कुठेच नाही. पैसे मिळाले, नाव नाही.

रोजमेळ
पूर्वभाग, लेबलाची तक्रार बरोबर आहे. त्या साड्यांची पानं माझ्या वहीत आहेत, खरेदी रोखीच्या बाजूला. नाव घालायला काय हरकत होती, हे मलाही कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "नाव सांगितलं की गिऱ्हाईक परस्पर गल्लीत जाईल." धंदेवाईक बाई होत्या, हे म्हणतेय ते यासाठीच. टाइमपासवाल्याला ही भीती नसते.

कडकभाकरी
माझे वडील शिंपी, साखर पेठेत दुकान होतं. त्यामुळे मला बाईंपेक्षा तुमच्या मास्तरांची काळजी वाटली.

उधारीवर शिंप्याचा जुना इलाज आहे. कपडा पूर्ण करायचाच नाही. सगळं तयार, इस्त्री मारून टांगलेलं, फक्त काजं-बटणं राहिलेली. गिऱ्हाईक आलं की, "अरेरे, काजवाला आलाच नाही हो आज. उद्या या, तेवढा हिशेबही करून टाकू." वडिलांचे काजवाले कित्येक वर्षं आजारीच होते. पैसे आले की दहा मिनिटांत बरे व्हायचे. तुमच्या मास्तरांना हे ठाऊक नसेल असं वाटत नाही.

रोजमेळ
कडकभाकरी, हसून पुरेवाट! ठाऊक होतं की. शेवटच्या काही वर्षांत मास्तरांनी हेच सुरू केलं होतं. लग्नाच्या ऑर्डरीतला नेमका नवरीचा मुख्य ब्लाऊज हुकांवाचून राहायचा. बाई स्टेजवर असतील ती वेळ साधून मास्तर फोन करायचे, "ताईसाहेब, हुक लावायचेत, नवरीला घेऊन या. आणि हिशेबाच्या बाई आज आहेत, उद्या नाहीत." मी तर रोजच होते!

वसुली निम्म्याहून जास्त सुधारली. बाईंना हे माहीत नव्हतं असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. पण एकदा बंगल्याच्या दारातून त्याच मास्तरांना ओरडून म्हणाल्या, "मास्तर, मी लायब्ररीच्या कार्यक्रमाला निघाले, दोन तास येत नाही. तुमचे हुक-बिक काय असतील ते उरका." आता काय समजायचं ते समजा.

त्याआधी सूनबाईंनी काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड आणून ठेवला होता. बाईंनी त्याच्यापुढे निशिगंधाची फुलदाणी सरकवली. सूनबाई रोज फुलदाणी बाजूला करायच्या, बाई रोज परत ठेवायच्या. दोघी एकमेकींशी यावर चकार शब्द बोलल्या नाहीत.

तळ्याकाठचा
+१ मास्तरांना. खरा कारभारी सापडला.

हुतात्माएक्सप्रेस
मी सोलापूरची, सध्या पुण्यात. उधारी हे एक कारण झालं, पण सोलापुरात बुटीक चालवणं तसंही अवघडच. मोठी खरेदी म्हटली की आमच्याकडे पहिल्यापासून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठायचं, लक्ष्मी रोड पालथा घालायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. आता वंदे भारतही आहे. दुकानात कापड कितीही चांगलं असो, "पुण्याहून आणलं" याची चव वेगळी.

वर आता करही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्यावर अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे थेट अठरा. आधी हजाराच्या वर बारा होता. म्हणजे शाळेच्या गणवेशाला फायदा आणि लग्नाच्या घागऱ्याला फटका. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने कितीतरी आहेत, त्यांचं बरं झालं. बुटीकवाल्यांनी मात्र साडी वेगळी, शिलाई वेगळी अशी बिलं फाडायला सुरुवात केलीय म्हणतात. रोजमेळताई, तुमच्या बाई काय करतात?

रोजमेळ
मी आता तिथे नाही, सूनबाई बघतात. बाई वयानं थकल्या आहेत, पण संक्रांतीच्या सुमारास दुकानात येऊन बसतात, कारण तेव्हा बाराबंद्या निघतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज धरणाऱ्यांचा तो बंदांनी बांधायचा पांढरा पोशाख. ओळखीतल्या काही मानकरी घरांतल्या मंडळींच्या बाराबंद्या दर वर्षी मास्तर शिवतात. त्याची शिलाई घेत नाहीत, ती उधारीच्या वहीत नव्हतीच कधी. बाई स्वतः बंद मोजून बघतात. झग्याला एखादा मणी कमी पडला तर चालेल, इथे बंद कमी पडायचा नाही.

कराबद्दल, दुकान सगळं रीतसर बिलावर चालतं एवढं सांगते. शिवलेल्या मालाच्या किमती वाढल्यात हे खरं.

शेंगाचटणी
अवांतर. मला काळ्या साडीवर कसुती (धारवाडकडचं हाताचं भरतकाम) करून हवी आहे, येत्या संक्रांतीला. मशीनवरची नको. कुणी करून देतं का आणि किती आधी द्यावी लागते?

पूर्वभाग
काळ्या चंद्रकळेवर खरी कसुती म्हणजे धागे मोजून टाका, छापा नाही, गाठ नाही. गवंती आणि मुरगी या दोन टाक्यांत उलट-सुलट सारखंच दिसतं, त्यावरून मशीनचं काम ओळखा. मागे दोरे लोंबत असतील तर सरळ परत करा. करणाऱ्या बायका आहेत आपल्याकडे, धारवाडकडून इथे आलेल्या सुना. नुसता पदर भरायचा असेल तर दिवाळीच्या आत साडी द्या. अंगभर बुट्टे हवे असतील तर या संक्रांतीचं विसरा.

कडकभाकरी
आणि त्यावर ब्लाऊजला कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खण घेणार असाल तर पन्हा बघून घ्या. खणाचा पन्हा लहान असतो, कोपरापर्यंत बाही हवी असेल तर एका खणात बसत नाही. दोन घ्या, काठ बाहीला येऊ द्या. कटोरी सांगू नका, खणाची नक्षी तुटते. साधा चार टकांचा ब्लाऊजच त्यावर शोभतो.

शेंगाचटणी
दोन्हींचे आभार. पदरच भरून घेते. खण काळ्यावर कुठला, हिरवा की जांभळा?

रोजमेळ
जांभळा. आणि अस्तर सुती घ्या, पॉलिस्टर मुळीच नको. संक्रांत झाली की आपल्याकडे ऊन लगेच चढतं.